संगणक संशोधनाची बातमी वाचायची कशी? वहीतले चार रकाने

मी संगणकशास्त्र शिकवते. आठवड्याच्या पहिल्या तासाला दहा मिनिटं पुस्तक बाजूला ठेवायचं आणि संशोधनात नवं काय झालं ते मुलांना सांगायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा नेम आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अशाच एका तासाला मी फळ्यावर लिहिलं होतं, "४ × ४ मॅट्रिक्सचा गुणाकार : ४९ ऐवजी ४७." गणितज्ञ फोल्कर स्ट्रासेन यांनी १९६९ साली २ × २ मॅट्रिक्सचा, म्हणजे संख्यांच्या चौकोनी तक्त्यांचा, गुणाकार आठऐवजी सात गुणाकारांत करून दाखवला होता. तीच युक्ती दोनदा लावली की ४ × ४ साठी ६४ ऐवजी ४९ गुणाकार पुरतात. गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाटेन्सर या एआय प्रणालीने हा आकडा ४७ वर आणला, असं मी मोठ्या आनंदाने सांगितलं. पन्नासेक वर्षांचा आकडा हलला होता, आनंद व्हायलाच हवा होता.

दोन दिवसांनी एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. संशोधकांनी पेपरबरोबर, म्हणजे शोधनिबंधाबरोबर, खुली केलेली गुणांकांची फाइल त्याने उतरवून घेतली होती, ४७ गुणाकारांची रीत स्वतः चालवून पाहिली होती, आणि उत्तरं चुकत होती. आम्ही दोघांनी बसून मूळ पेपर उघडला. ४७ हा आकडा मॉड्युलो २ अंकगणितापुरता होता. म्हणजे जिथे फक्त ० आणि १ असतात आणि १ + १ म्हणजे ०. तिथे अधिक एक आणि उणे एक यांत फरकच उरत नाही, त्यामुळे चिन्हं जुळवायची कटकट संपते. आपल्या नेहमीच्या संख्यांसाठी त्या पेपरमध्येही ४९ च होते. पेपरने काहीच लपवलं नव्हतं, सारांशातच ती अट लिहिलेली होती. मी वाचलेल्या बातमीतून ती गळाली, आणि मी फक्त बातमी वाचली होती.

पुढच्या आठवड्यात मुलांसमोर दुरुस्ती केली आणि त्याच दिवशी एक वही घातली. तिच्यात चार रकाने आहेत : दावा, तुलना कशाशी, अट कोणती, परत कधी बघायचं. हे रकाने कसे भरायचे ते सांगण्यासाठी हा लेख आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हे करू शकतो. संगणक हा विषय नसलेल्या, पण कुतूहल असलेल्या माणसालाही यातलं बरंचसं जमेल.

आधी मूळ कागद

बातमी वाचून वहीत काहीही लिहायचं नाही. आधी पेपर शोधायचा. बातमीत बहुधा विद्यापीठाचं किंवा कंपनीचं नाव आणि एखाद्या संशोधकाचं नाव असतं, तेवढं पुरतं. संगणकशास्त्रातले बरेच पेपर अर्काइव्हवर मोफत सापडतात. भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ साली सुरू केलेलं हे भांडार आहे. तिथे पेपर टाकताना जुजबी छाननी होते, तज्ज्ञ परीक्षण होत नाही. म्हणून "अर्काइव्हवर आला" याचा अर्थ "लेखकांनी मांडला" इतकाच घ्यायचा.

त्या पानावर सारांशाखाली शेऱ्यांची एक बारीक ओळ असते. मी सगळ्यात आधी तिकडे बघते. किती पानं, किती आकृत्या, कोणत्या परिषदेत स्वीकारला गेला, हे लेखक तिथे लिहितात. पेपर मागे घेतला असेल तर तेही तिथेच कळतं. त्याच्याही खाली आवृत्त्यांची यादी असते, प्रत्येकीपुढे तारीख. बातमी पहिल्या आवृत्तीवर लिहिलेली असते आणि तुम्ही वाचता तोवर तिसरी आलेली असते, असं नेहमी होतं. पहिली आणि शेवटची आवृत्ती शेजारी शेजारी उघडा आणि फक्त सारांश ताडून बघा. एखादं "नेहमी" जाऊन तिथे "बहुतेक वेळा" आलं असेल, तर बातमीपेक्षा जास्त तुम्हाला त्या एका बदलातून कळेल.

परीक्षणाबद्दल थोडं. बाकीच्या विज्ञानांत नियतकालिकाला मान असतो. संगणकशास्त्रात परिषदांना तोच मान, कधी कधी त्याहून जास्त. मात्र मुख्य परिषद वेगळी आणि तिला जोडून भरणारी कार्यशाळा वेगळी. कार्यशाळेत अर्धवट कामही आणलेलं चालतं, किंबहुना त्यासाठीच ती असते. शेऱ्याच्या ओळीत हा फरक दिसतो, बातमीत सहसा दिसत नाही.

मुख्य परिषदेचा शिक्कासुद्धा शेवटचा शब्द मानू नका. आज न्यूरिप्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिषदेने २०१४ साली स्वतःवरच एक प्रयोग केला होता. १६६ पेपर दोन वेगवेगळ्या समित्यांकडे दिले. ४३ पेपरांबाबत एका समितीने हो म्हटलं आणि दुसरीने नाही, म्हणजे चारातल्या एका पेपरवर मतभेद. हे त्यांनी स्वतःहून तपासलं आणि जाहीर केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. उलट काही वेळा औपचारिक परीक्षणाच्या आधीच निकाल लागतो. ऑगस्ट २०१० मध्ये पी आणि एनपी वेगळे असल्याची, म्हणजे ज्यांचं उत्तर झटकन तपासता येतं असे सगळे प्रश्न झटकन सोडवता येत नाहीत याची, शंभरावर पानांची सिद्धता सगळीकडे फिरू लागली, आणि तज्ज्ञांनी उघड चर्चा करून आठवडाभरात तिच्यातल्या मूलभूत चुका दाखवल्या. म्हणून इतक्या मोठ्या दाव्याची बातमी आली तर मी वर्गात सांगायला आठ दिवस थांबते. मुलं विचारतात, "बाई, आज का नाही सांगत?" मी म्हणते, वहीत नोंद झाली आहे, पुढच्या सोमवारी बोलू.

दावा : निळी आणि लाल पेन्सिल

पहिला रकाना सगळ्यात सोपा दिसतो आणि तिथेच घसरायला होतं. दावा आपल्या शब्दांत, एका वाक्यात लिहायचा, आणि त्यात फक्त झालेली गोष्ट घ्यायची. त्यासाठी मी छापील प्रतीवर दोन पेन्सिली वापरते. "केलं, मोजलं, सिद्ध केलं" या क्रियापदांखाली निळी रेघ आणि "होईल, करू शकेल, मार्ग खुला होईल" यांच्याखाली लाल.

ही सवय लावायला मी मुलांना जुलै १९५८ ची एक जुनी बातमी देते. फ्रँक रोझेनब्लाट यांच्या परसेप्ट्रॉन या शिकणाऱ्या यंत्राची ती बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली होती. त्यात अमेरिकी नौदलाची अपेक्षा सांगितली आहे की हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, पाहील, लिहील, स्वतःसारखं दुसरं यंत्र घडवेल आणि स्वतःच्या अस्तित्वाची त्याला जाणीव असेल. सगळं लाल. त्याच बातमीत निळं काय सापडतं? आयबीएम ७०४ या संगणकाला पन्नास प्रयत्नांनंतर डावं आणि उजवं वेगळं ओळखता आलं. बस, एवढंच. आणि तरी ते निळं वाक्य क्षुल्लक नव्हतं. नियम सांगून न देता यंत्र उदाहरणांतून शिकलं होतं, आणि आजची न्यूरल नेटवर्कं त्याच वाटेने आली आहेत. लाल वाक्यांच्या गजरात निळं वाक्य कुणाला ऐकू आलं नाही, तर नुकसान त्या संशोधनाचंच होतं. पहिल्या रकान्यात निळंच लिहा. लाल लिहायला शेवटचा रकाना आहे.

प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ असेल तर आणखी सांभाळा. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत कुणी निवडून दिलंय ते आधी विचारा. पेपरमध्ये "नमुने निवडलेले नाहीत" असं स्पष्ट लिहिलेलं असतं का, ते शोधा. नसेल तर ते निवडलेले आहेत असं धरून चाला.

तुलना : समोरचा पक्ष कोण

"शंभरपट वेगवान" वाचलं की लगेच विचारायचं, कशापेक्षा? जुन्या रीतीची सर्वांत चांगली अंमलबजावणी घेतली होती की हाताशी होती ती? यंत्र तेच होतं का? माझ्या मते चारही रकान्यांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ऑक्टोबर २०१९ चं आहे.

गूगलच्या ५३ क्यूबिटच्या (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा मूलभूत घटक) सिकॅमोर या क्वांटम चिपने एक विशिष्ट काम २०० सेकंदांत केलं. तेच काम सर्वांत बलाढ्य महासंगणकाला सुमारे १०,००० वर्षं लागेल, असं नेचर या नियतकालिकातल्या पेपरात म्हटलं होतं. यातले २०० सेकंद मोजलेले आहेत. १०,००० वर्षं हा अंदाज आहे. कुणी दहा हजार वर्षं थांबून बघितलेलं नाही. म्हणजे निळ्या आकड्याशेजारी एक लाल आकडा बसवला आहे आणि मथळा दोघांच्या भागाकाराचा आहे.

आयबीएमच्या संशोधकांनी त्याच आठवड्यात हरकत घेतली. त्यांचा मुद्दा इतका साधा होता की बेरीज-गुणाकार येणाऱ्या कुणालाही तो तपासता येतो. ५३ क्यूबिटची पूर्ण अवस्था लिहायला २ चा ५३ वा घात इतक्या संख्या लागतात, साधारण ९ वर १५ शून्यं. एका संख्येला ८ बाइट धरले तर ७२ पेटाबाइट होतात (एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट). इतकं कोणत्याही महासंगणकाच्या मेमरीत मावत नाही, म्हणून गूगलने मेमरी कमी पण वेळ प्रचंड खाणारी रीत तुलनेला धरली होती. आयबीएमचं तेव्हाचं म्हणणं, अमेरिकेतल्या समिट महासंगणकाला २५० पेटाबाइटची डिस्क आहे, तिचा वापर करा. मग १०,००० वर्षांचे अडीच दिवस होतात. हाही अंदाजच होता, पण २०२२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी ५१२ ग्राफिक प्रोसेसरवर ते काम सुमारे १५ तासांत प्रत्यक्ष करून दाखवलं.

माझ्या वहीत या नोंदीपुढे एकाखाली एक तीन आकडे आहेत : १०,००० वर्षं, अडीच दिवस, १५ तास. २०० सेकंद मात्र तसेच राहिले. गूगलचं काम यामुळे खोटं ठरत नाही. ५३ क्यूबिट इतक्या नेमकेपणाने ताब्यात ठेवणं हे त्या पेपरातलं निळं वाक्य आहे आणि ते आजही उभं आहे. गुणोत्तराच्या बातमीत बहुतेक वेळा दुसरी बाजू हलते, हे या नोंदीवरून मुलांना लगेच पटतं.

सोबत आलेख असेल तर उभ्या अक्षावर बोट ठेवा. अक्ष शून्यापासून सुरू होतो की नव्वदपासून? समान अंतरावर १०, २०, ३० आहेत की १०, १००, १०००? याला दहा सेकंद लागतात.

अट : जी बातमीत मावत नाही

मॉड्युलो २ ची गोष्ट वर सांगितलीच. त्या नोंदीखाली पुढे दोन ओळी वाढल्या. अल्फाटेन्सरने त्याच मॉड्युलो २ मध्ये ५ × ५ साठी ९६ गुणाकारांची रीत दिली होती. मानुएल काउअर्स आणि याकोब मूसबाउअर या दोघांनी काही दिवसांतच ती ९५ वर आणली. मग मे २०२५ मध्ये डीपमाइंडच्याच अल्फाइव्हॉल्व्ह या प्रणालीने कॉम्प्लेक्स संख्यांसाठी ४ × ४ ची ४८ गुणाकारांची रीत दिली. म्हणजे ४७, ४८ आणि ४९ हे तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, ज्याच्या त्याच्या अटीसह. हे कळलं की संशोधनाची बातमी वाचण्यातली निम्मी लढाई जिंकलीच.

अट शोधायची कुठे? सारांशातलं शेवटून दुसरं वाक्य, "प्रयोगाची मांडणी" हा भाग, आणि "मर्यादा" नावाचा परिच्छेद असेल तर तो. मर्यादांचा परिच्छेद मी मुलांना मोठ्याने वाचायला लावते. प्रामाणिक लेखक तिथे मन मोकळं करतो. जो ताकाला जाऊन भांडं लपवतो, त्याचा हा परिच्छेद दोन ओळींचा असतो आणि त्यातही "पुढे अधिक काम करता येईल" असंच काहीतरी असतं.

कधी कधी अट शब्दाच्या अर्थातच दडलेली असते. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिलेली रीत एखादी संख्या मूळ आहे की नाही ते खात्रीने आणि बहुपदी वेळात, म्हणजे संख्येतले अंक वाढले तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, सांगते. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. मला तेव्हा दोघातिघांनी काळजीने विचारलं, की आता इंटरनेटवरची सगळी कुलुपं तुटणार का? नाही. संख्या मूळ आहे का हे ओळखणं वेगळं, आणि मूळ नसलेल्या संख्येचे अवयव शोधणं वेगळं. इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीचं कुलूप दुसऱ्या प्रश्नाच्या अवघडपणावर उभं आहे. शिवाय रोजच्या वापरात मूळ संख्या तपासायला आधीपासूनच वेगवान, संभाव्यतेवर चालणाऱ्या रीती होत्या आणि आजही त्याच वापरतात. मग कानपूरच्या कामाचं मोल काय? दोन हजारांहून जास्त वर्षं जुन्या प्रश्नाला मिळालेलं निखळ, नशिबावर न विसंबणारं उत्तर. त्याला सैद्धांतिक संगणकशास्त्रातला २००६ चा गडेल पुरस्कार मिळाला. इतकं सुंदर काम चुकीच्या कारणासाठी गाजावं याचं मला आजही वाईट वाटतं.

यंत्रशिक्षणात (मशीन लर्निंगमध्ये) अट बहुधा चाचणीच्या उदाहरणांत असते. २०१९ साली काही संशोधकांनी इमेजनेट या चित्रं ओळखण्याच्या प्रसिद्ध चाचणीसंग्रहासाठी चाचणीच्या चित्रांचा नवा संच बनवला, मूळ संच बनवतानाची पद्धत शक्य तितकी पाळून. नावाजलेल्या प्रणालींची अचूकता ११ ते १४ टक्क्यांनी घसरली. पण त्यांचा आपसातला क्रम जवळपास तोच राहिला. दोन्ही वाक्यं वहीत हवीत. नुसतं पहिलं लिहिलं तर तीही अर्धी बातमीच होते.

कोड खुला आहे का हेही याच रकान्यात लिहा. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पेपरांवर त्यासाठी बिल्ले असतात. "साहित्य उपलब्ध" आणि "निकाल पुन्हा मिळाले" हे वेगवेगळे बिल्ले आहेत. पहिला बघून दुसरा मिळाला असं समजू नका.

भविष्याचे आराखडे

आतापर्यंत झालेल्या कामाबद्दल बोललो. संशोधकांचा समाज आणखी एक प्रकार लिहितो, व्हिजन पेपर किंवा आराखडा. त्याला वरचे रकाने लागू होत नाहीत, कारण तो जवळजवळ सगळा लालच असतो आणि त्यात गैर काही नाही. तो वाचताना आधी बघायचं की हा कुणाला उद्देशून लिहिला आहे. अमेरिकेत २००६ साली राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या पाठबळावर कंप्युटिंग कम्युनिटी कन्सॉर्टियम सुरू झालं. त्याचं कामच असे आराखडे घडवून आणण्याचं. त्याच्या पुढाकाराने २००९ मध्ये रोबोटिक्सचा आराखडा तयार झाला आणि २०११ मध्ये तिथल्या सरकारने राष्ट्रीय रोबोटिक्स उपक्रम जाहीर केला. म्हणजे या लेखनाचा पहिला वाचक निधी देणारा असतो. हे ध्यानात ठेवून वाचलं की "पुढील २० वर्षांत" या शब्दांचं वजन नीट कळतं. ते भाकीत नसतं, ती मागणी असते. मागणी वाचायची ती योग्य आहे का हे ठरवायला.

ठरवायचं कसं? १९७० च्या दशकात डार्पाचे, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेचे, संचालक असलेले जॉर्ज हाइलमायर यांनी प्रस्तावांसाठी काही प्रश्न घालून दिले होते, तेच घ्या. कठीण शब्द न वापरता सांगा, करायचं काय आहे? आज ते कसं होतं आणि कुठे अडतं? तुमच्या रीतीत नवं काय? जमलं तर कुणाला फरक पडेल? जोखीम, खर्च, वेळ किती? आणि माझा आवडता प्रश्न, मधल्या टप्प्यावर यश कसं ओळखणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्या आराखड्यात सापडतं, तो मी पुन्हा वाचते.

एक आराखडा मात्र मुलांना पूर्ण वाचायला देते. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रातले मार्क वाइझर यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये एकविसाव्या शतकातल्या संगणकाबद्दल लेख लिहिला. त्यात इंचभर, फूटभर आणि यार्डभर आकाराचे तीन प्रकारचे संगणक आहेत. एका खोलीत छोटे शंभरावर, मधले दहा-वीस, मोठे एक-दोन. आणि हे सगळे इतके मुरलेले की माणसाला त्यांची जाणीवही राहू नये. मुलांना सांगते, दोन याद्या करा : यातलं काय आलं आणि काय अजून आलं नाही. पहिली यादी भराभर भरते, कारण फोन, टॅबलेट आणि भिंतीवरचे पडदे, तिन्ही आकार आले. दुसऱ्या यादीशी वर्ग गप्प होतो. मुरून जाणारा, लक्ष न मागणारा संगणक कुठे आहे? खिशातला तर दर काही मिनिटांनी हाक मारतो. वाइझर यांचं भाकीत वस्तूंपुरतं खरं झालं आणि मूळ इच्छा अजून बाकी आहे. आराखडा असा वाचला की त्यातून संशोधनाचा नवा विषय निघतो. माझ्या एका विद्यार्थिनीने याच दुसऱ्या यादीवरून आपला प्रकल्प घेतला.

परत कधी बघायचं

शेवटचा रकाना लोक सोडून देतात. त्यात तारीख घालायची आणि तिच्यापुढे एकच प्रश्न, ज्याचं उत्तर त्या दिवशी हो किंवा नाही असं देता येईल. "क्वांटम संगणक किती पुढे गेले?" हा प्रश्न चालणार नाही. तीन वर्षांचं अंतर मला बरं वाटतं. एका वर्षात फारसं काही ठरत नाही आणि दहा वर्षांनी वही सापडेलच असं नाही.

सध्याच्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते. डिसेंबर २०२४, गूगलची १०५ क्यूबिटची विलो चिप. मथळ्यांत होतं, पाच मिनिटांत जे झालं त्याला महासंगणकाला १ वर २५ शून्यं इतकी वर्षं लागतील. नेचरमधला पेपर उघडला तर तो वेगळ्याच गोष्टीबद्दल, चुका दुरुस्त करण्याबद्दल. दावा : जास्त क्यूबिट जोडून एक तार्किक क्यूबिट बनवला की चुका वाढण्याऐवजी घटल्या, संकेताचं अंतर (चुका सोसण्याची ताकद दाखवणारा आकडा) ३ वरून ५ आणि ५ वरून ७ करताना दर पायरीला साधारण निम्म्या. तुलना : त्याच चिपवरच्या लहान संकेतांशी. अट : एकच तार्किक क्यूबिट, माहिती टिकवून ठेवण्यापुरता, त्यावर आकडेमोड नाही. परत बघायचं : डिसेंबर २०२७. प्रश्न : अंतर ७ च्या पुढे नेल्यावरही चुका दर पायरीला निम्म्या होतात का?